डोनटपेक्षा बरं

मुलांच्या न्याहारीतल्या गोड सीरियलवर डॉक्टर मंडळी उगाच तोंडसुख घेतात. एखादी वस्तू पौष्टिक कशी ठरवायची, याची शास्त्रशुद्ध रीत अमेरिकेनं 2009 सालीच शोधून काढली आहे : तिच्या शेजारी तिच्याहून वाईट वस्तू आणून ठेवायची.

त्या वर्षी तिथल्या बड्या खाद्यकंपन्यांच्या सहभागानं ‘स्मार्ट चॉइसेस’ नावाची योजना सुरू झाली. निकषांत बसेल त्या खोक्यावर हिरवी बरोबरची खूण. खुणेसाठी कंपनीनं विक्रीच्या मानानं वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत पैसे मोजायचे. (परीक्षार्थीनं परीक्षकाला पैसे दिले तर आपल्याकडे त्याला भलतंच काही म्हणतात. आपण मागासलेलेच.) सीरियलमधल्या साखरेची मर्यादा होती एका खेपेला 12 ग्रॅम. आणि केलॉग कंपनीच्या ‘फ्रूट लूप्स’ या सीरियलमध्ये साखर किती? 12 ग्रॅम! वजनाच्या 41 टक्के. पेपर कुणी काढला, हे विचारू नये.

योजनेच्या मंडळाच्या अध्यक्षा टफ्ट्स विद्यापीठात पोषणशास्त्राच्या अधिष्ठाता. सकाळच्या धांदलीत पालकापुढे डोनट आणि सीरियल असेल, तर फ्रूट लूप्सच बरे, असं त्यांचं म्हणणं. बिनतोड! याच न्यायानं आमच्या बंड्याचे गणितातले बारा गुण हुशारीचे ठरतात. शेजारच्या पिंट्याला भोपळा मिळालाय. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला मात्र हे गणित पटेना, आणि ऑक्टोबरातच योजना गुंडाळली गेली.

खरं तर या धंद्याचा उगम अगदी सात्त्विक. मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग रुग्णांना बेचव धान्य खाऊ घालत. त्यात साखर घालायचं सुचलं धाकट्या भावाला, विल कीथला. डॉक्टरांना ते रुचलं नाही. भावानं 1906 साली आपली कंपनी काढली. 1953 मध्ये तिनं ‘शुगर स्मॅक्स’ आणलं. त्यात निम्म्याहून जास्त साखर होती, पण निदान नावातच कबुलीजबाब होता. पुढे नाव बदलून ‘हनी स्मॅक्स’ झालं, आणि साखर मधाच्या पदराआड जाऊन बसली.

1994 मध्ये ही कंपनी आपल्याकडे, तळोजाला आली. आपण तिच्या मक्याच्या कुरकुरीत पोह्यांवर गरम दूध ओतून त्यांचा लगदा केला, तरी ती खचली नाही. आज चॉकलेटी सीरियल डब्यातही जातं.

तेव्हा आपल्याकडेही अशी खूण यावी. सीरियल श्रीखंडापेक्षा हलकं, श्रीखंड जिलेबीपेक्षा, जिलेबी गुलाबजामपेक्षा. मर्यादा ठरवायची घाई नको, आधी खोकं तोलून बघावं. वर्गणीचं तेवढं आधी ठरवून घ्यावं.