आण्णांची सही

"काय गे वैनी, सकाळधरनं दिराचा आवाज चढलाय? कंपाऊंडच्या अलीकडं सगळं ऐकू येतंय."

"काय सांगू अक्का! निपाणीची जागा विकायची, त्याला मुखत्यारपत्र पाहिजे. आण्णांचा हात थरथरतोय, सही धड होत नाही. भावजी म्हणतात, मीच मारतो त्यांची सही. घरातलीच जागा, कोण विचारतंय?"

"अगं बाय! आमच्या घरात बाँड रायटरचा धंदा, माझ्याकडं बोललीस ते बरं झालं. नुसती खोटी सही केली तर 2 वर्षांपर्यंत तुरुंग. फसवायला केली तर 7. आणि जागा विकायचा अधिकार देणारा कागद म्हटल्यावर 10 वर्षांपर्यंत, जन्मठेपसुद्धा. पूर्वी पीनल कोडात 467 कलम होतं, 2024 च्या जुलैपासनं न्यायसंहितेत 338 झालं. नंबर बदलला, शिक्षा तीच."

"आम्ही काय तेलगी आहोत काय, अक्का?"

"तो तरी कोण होता? आपल्या खानापूरचाच की. पोरवयात रेल्वेत फळं विकायचा. मुंबईत जाऊन स्टॅम्प विकायचं लायसन काढलं, नाशिकच्या सरकारी छापखान्यातली मोडीत काढलेली मशिनं मिळवली आणि बसला खोटे स्टॅम्प पेपर छापत. बँका, विमा कंपन्यांनीसुद्धा ते पेपर खरे समजून घेतले! 2001 ला अजमेरात धरला. 2007 ला पुण्याच्या कोर्टानं 13 वर्षं सक्तमजुरी आणि 202 कोटी दंड ठोठावला. 2017 ला बेंगळूरच्या दवाखान्यात गेला, तोही कैदीच."

"आता ई-स्टॅम्प आलाय न्हवं?"

"आलाय की. नंबर घालून कॉम्प्युटरवर खरा-खोटा बघायचा. पण सही कुठल्या कॉम्प्युटरवर बघणार? ती धरते नणंद. हिस्सा कमी आला की तीच पहिली कोर्टात जाईल बघ. आणि खोटा कागद माहीत असून जो वापरतो, त्यालाही तीच शिक्षा. म्हणजे भावजींच्या मागनं तुझे मालकसुद्धा आत."

"मग करायचं तरी काय?"

"अंगठा चालतो की! आण्णांना चालवत नसेल तर सब-रजिस्ट्रारकडं अर्ज द्या. आजारी माणसाच्या घरी तो स्वतः येतो, नाहीतर माणूस पाठवतो. कायद्यातच सोय आहे तशी. पण काय गे, जागा विकायला आण्णा तयार आहेत न्हवं?"

"ते... विचारायचंच राहिलंय बघा."

"मग आधी ते विचार. आणि भावजींना पेन खाली ठेवायला सांग जा."