भाऊंचा अंगठा

कळंबच्या नाक्यावर सध्या भाऊंचा फ्लेक्स लागला आहे. वाढदिवस आहे. कोण भाऊ, ते विचारू नका. प्रत्येक नाक्याला एक असतो. रस्त्यालगतची जमीन फार्महाऊसवाल्याच्या घशात गेली की पाठोपाठ पांढरी गाडी येते, गळ्यात साखळी येते आणि नावाआधी 'भावी' येतं. आजवरच्या फ्लेक्सवर भाऊ कधी कानाला मोबाइल लावून चालताना दिसायचे, कधी हात जोडून उभे. यंदा ते पाण्याखाली आहेत. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, पाठीवर सिलिंडर, आजूबाजूला मासे (त्यातले दोन फ्लेक्सवाल्याने पदरचे घातलेले, कारण ते गोड्या पाण्यातले आहेत), आणि कॅमेऱ्याकडे ताठ रोखलेला उजव्या हाताचा अंगठा. खाली शुभेच्छुकांचे गोल चेहरे. वर ठळक अक्षरांत : 'खोल विचारांचे नेतृत्व'.

खोलीबद्दल माझी तक्रार नाही. मालवणला किल्ल्याच्या आसपास हौशी पर्यटकाला जेवढं खाली नेतात, तेवढी खोली आमच्याकडच्या बऱ्याच विहिरींना असते. माझी तक्रार अंगठ्याबद्दल आहे.

पाण्याखाली बोलता येत नाही. तोंडात रबर असतं. म्हणून जगभरच्या पाणबुड्यांनी हाताच्या खुणा ठरवल्या आहेत आणि त्या फार सोप्या आहेत. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. काही बिनसलं असेल तर पंजा आडवा धरून हलवायचा आणि जिथे बिनसलंय तिथे बोट दाखवायचं. खाली जायचं तर अंगठा खाली. आणि अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मस्त', 'झकास', 'लाइक करा' यांपैकी काहीही होत नाही. त्याचा अर्थ एकच : मला वर न्या.

म्हणजे दहा बाय वीस फुटांच्या त्या फ्लेक्सवरून भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगताहेत की मला वर न्या. जिल्हा परिषदेच्या इच्छुकाने इतका सच्चा फलक याआधी कधी लावल्याचं मला तरी आठवत नाही.

मालवणला जाऊन भाऊ पाणबुडे झाले कसे, हे सांगायला हवं, कारण या देशात काहीही व्हायला दाखला लागतो. पोराला शाळेत घालायचं तर जन्माचा दाखला, शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा, जमिनीला वारसाचा. पेन्शन खायची तर माणसाने दर वर्षी स्वतः जिवंत असल्याचाही दाखला द्यायचा. समुद्राच्या तळाशी जायला मात्र एक फॉर्म पुरतो, तोही होडीच्या काठावर मांडी घालून भरलेला. दमा आहे का? नाही. हृदयविकार? नाही. रक्तदाब? भाऊंची गोळी खिशात होती, पण खिसा किनाऱ्यावर राहिला होता, तेव्हा नाही. पोहता येतं का? इथे भाऊ जरा थबकले, तर त्यांना खाली नेणाऱ्या पोराने स्वतःच सांगितलं, "पोहूक येवची गरज नाय."

हे मी चेष्टेने सांगतो, पण त्यात बेकायदा काही नाही. प्रमाणपत्र नसलेल्याने एकदा चव घ्यायची म्हणून खाली जाण्याची सोय जगभर आहे. बरोबर प्रशिक्षक हवा, आणि १२ मीटरच्या खाली जायचं नाही, असा तिचा दंडक आहे. रीतसर कोर्स केला की १८ मीटरपर्यंत जाता येतं. त्यासाठी आधी पुस्तक, मग तलाव, मग खुल्या समुद्रात चार बुड्या. मालवणची पोरं याबाबतीत पक्की आहेत. मांजरीने पिल्लू मानेला धरून न्यावं तसं ती आमच्या माणसाला सिलिंडरच्या मुठीला धरून नेतात, आणि भाऊंसारखं शंभर किलोचं पिल्लू असलं तरी सोडत नाहीत. प्रश्न पोरांचा नाही. कमरेभर पाण्यात उभं करून ती पाच मिनिटं जे शिकवतात, त्या पाच मिनिटांत आपला माणूस काय करत असतो, हा आहे. भाऊ मोबाइलचं पाऊच नीट बंद झालंय का, ते बघत होते.

मग भाऊ खाली गेले. मासे दिसले. १९८७ पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे, त्यामुळे माशांना संरक्षण आहे, पावापासून नाही. त्यांच्या तोंडापुढे चुरा सोडला गेला, ते जमले, पोराने कॅमेरा रोखला आणि भाऊंनी अंगठा वर केला. पोरगा त्या मोसमात नवा होता. शिकवल्याप्रमाणे त्याने कॅमेरा बंद केला आणि भाऊंना अलगद वर आणलं. नळी काढल्याबरोबर भाऊ कडाडले, "वर कशाला आणलास रं? फोटू कुठंय?"

"तुमीच सांगितलास मा!"

"मी कधी सांगितलं?"

पोराने अंगठा दाखवला. भाऊंना तो अपमान वाटला. मग पुन्हा खाली, पुन्हा मासे, पुन्हा पाव, पुन्हा कॅमेरा आणि पुन्हा अंगठा. भाऊंचा इलाज नव्हता. सरपंचाच्या सत्कारात अंगठा, क्रिकेट सामन्यांच्या बक्षीस समारंभात अंगठा, रस्त्याच्या भूमिपूजनात नारळ डाव्या हातात आणि उजव्याचा अंगठा, मयताच्या निरोपाखाली पाठवलेलं चिन्हसुद्धा अंगठाच. कॅमेरा दिसला की भाऊंचा अंगठा देवळातल्या घंटेला लागणाऱ्या हातासारखा आपोआप उठतो. पोरगा त्यांना दुसऱ्यांदा वर आणायला निघाला, तेव्हा भाऊंनी पाण्यातच त्याचा हात झटकला. तेव्हा कुठे पोराच्या डोक्यात प्रकाश पडला. पर्यटकाने अंगठा दाखवला की वर न्यायचं नाही, बटण दाबायचं. फोटो निघाला. भाऊ खूश, पोरगा खूश, वर बक्षिसी. पोरगा धंदा शिकला.

आता पुढच्या होडीतल्या बाईंचा विचार करा. पाच मिनिटं कान देऊन ऐकणाऱ्या त्या एकट्याच. दोन-तीन मीटर खाली गेल्यावर कान ठणकू लागतात. नाक दाबून कानात हवा ढकलायची असते, ती त्यांना जमेना. मास्कमध्ये पाणी शिरलं. त्यांनी घाबरून जाऊन गोंधळ केला नाही, शिकवलेलं आठवलं आणि अंगठा वर केला. पोराने फोटो काढला. त्यांनी अंगठा जोरात हलवला. पोराने दुसऱ्या बाजूने काढला. त्यांनी दोन्ही अंगठे वर केले. पॅकेज वसूल! व्हिडिओ सुरू. आणि ज्याला मागूनही वर नेत नाहीत, तो माणूस शेवटी स्वतःच वर धाव घेतो, बहुधा श्वास रोखून. तीच सगळ्यांत वाईट गोष्ट. दहा मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास चालू असेल तर ती बाहेर पडते, रोखला असेल तर फुप्फुस फाटतं. त्यासाठी दहा मीटर लागतात असंही नाही, फार थोड्या खोलीवरूनही ते होऊ शकतं. म्हणून त्या एका खुणेला किंमत आहे. ती खूण भाऊंनी फ्लेक्ससाठी वापरून गुळगुळीत केली.

मला राग याचा आहे, आणि तो मालवणपुरता नाही. मदतीची खूण केली की समोरच्याने कॅमेरा काढायचा, हा कोर्स आपण सगळ्यांनीच दाखल्याशिवाय पूर्ण केला आहे. पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर आणि धरणांवर दर वर्षी बंदीचा आदेश निघतो. सोलनपाडा, आषाणे, झेनिथ, यादी तोंडपाठ आहे. आदेश निघाल्याचा फोटो येतो. गर्दी जमल्याचाही येतो. पाण्यातून कुणी हात वर केला तर काठावरचे आधी त्याला हात हलवून उत्तर देतात, मग मोबाइल काढतात. दोर घेऊन धावणारे गावातले चार पोरगे असतात. त्यांचा फोटो कधी येत नाही, कारण त्यांचे हात रिकामे नसतात. अंगठ्याचंच बघा : रेशनच्या यंत्रापुढे कातकरी म्हातारी उभी राहते. भाताच्या खाचरात आणि वीटभट्टीवर आयुष्य घासून तिच्या अंगठ्यावर रेषा उरलेली नाही. ती अंगठा ठेवते, पुसते, पुन्हा ठेवते. यंत्र म्हणतं, जुळत नाही. समुद्राखाली भाऊंचा अंगठा पहिल्या फटक्यात चालतो. तिचा कोरड्या जमिनीवर, डोळ्यांदेखत, चालत नाही.

आणि आमच्या कळंबजवळचं पोशीर खोरं? २०२५ च्या मेमध्ये तिथल्या ६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या धरणाला मंजुरी मिळाली. पाणी शहरांच्या नळांना, बूड आमच्या गावांना. गावं नाही म्हणताहेत. त्यांनी निवेदन दिलं तर निवेदन घेतानाचा फोटो निघेल, मोर्चा काढला तर मोर्चाचा. जितक्यांदा अंगठा वर होईल तितक्यांदा बटण दाबलं जाईल. इथली माणसं पाण्याखाली जाणार आहेत ती ना फॉर्म भरून, ना नाक दाबायला शिकून. त्यांना पोहता येतं का, हे कुणी विचारलेलं नाही. पण भाऊ स्वस्थ बसलेले नाहीत. मालवणहून ते कल्पना घेऊन आले आहेत आणि धरणाची भिंत अजून कागदावर असताना त्यांचं पत्रक तयार आहे. 'कळंबजवळ, मुंबईपासून अवघ्या काही तासांत, पाण्याखालचं गाव! खरी चूल, खरं जातं, मारुतीच्या देवळात फोटो. पोहता येण्याची गरज नाही. पाव आमच्याकडून. बाधित गावच्या रहिवाशांना तिकिटात दहा टक्के सवलत. सोबत गावच्या ग्रामपंचायतीचा चालू वर्षाचा रहिवासी दाखला आणणे सक्तीचे.'