समानार्थी इंग्रजी शब्दांतील भेद जाणण्याची आणि जाणवून देण्याची शास्त्रोक्त पद्धत

एकाच अर्थाच्या भासणाऱ्या दोन इंग्रजी शब्दांत नेमका फरक कोणता, हे सांगणाऱ्या विद्येस येथे सोयीसाठी ‘शब्दभेदशास्त्र’ म्हटले आहे. या शास्त्राचा उपयोग स्वतः बोलताना फारसा होत नाही, तर दुसऱ्याचे बोलून झाल्यावर होतो, ही गोष्ट साधकाने प्रारंभीच ध्यानात घ्यावी. कारण बोलणाऱ्याच्या हातून चूक होण्याचा संभव असतो आणि ऐकणाऱ्यास ती अडचण नसते.

साधकाने प्रथम शब्दाचे कूळ तपासावे. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर दरबारात आणि जमीनदारांच्या वाड्यांत दीर्घकाळ फ्रेंचचा अंमल राहिला, शेतशिवारात इंग्रजीच चालू राहिली, आणि चर्च व विद्यापीठे यांत लॅटिन होतीच. परिणामी एकेका क्रियेस तीन-तीन शब्द मिळाले. विचारण्यासाठी मूळचा ‘आस्क’, फ्रेंचमार्गे आलेला ‘क्वेश्चन’ आणि लॅटिनमधून उचललेला ‘इंटरॉगेट’ असे तीन शब्द आहेत आणि त्यांतील भेद अर्थापेक्षा हुद्द्याचा अधिक आहे: रस्ता विचारायचा असतो तेव्हा पहिला, हिशेब विचारायचा असतो तेव्हा दुसरा, आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्यास घरी जाऊ द्यायचे नसते तेव्हा तिसरा वापरावा.

याच न्यायाने गोठ्यातली ‘काउ’ ताटात ‘बीफ’ होते आणि कुरणातली ‘शीप’ ‘मटन’ होते, कारण जनावर राखणारा इंग्रज होता व खाणारा नॉर्मन, असे स्पष्टीकरण वॉल्टर स्कॉटने ‘आयव्हॅन्हो’ या १८१९ च्या कादंबरीत वांबा नावाच्या विदूषकाच्या तोंडी घातले आहे. नॉर्मनांनंतर कित्येक शतके ‘बीफ’ हा शब्द जिवंत बैलासही लावला जात होता, असे भाषेचे इतिहासकार दाखवून देतात; परंतु इतके सुबक स्पष्टीकरण केवळ इतिहास आडवा येतो म्हणून सोडून देणे व्यवहार्य नाही. ‘मटन’ भारतात येऊन ‘मटण’ झाले तेव्हा मेंढी बहुतेक ठिकाणी मागे राहिली आणि हंडीत बोकड शिरला, हा उपभेदही नोंदण्यासारखा आहे. मात्र कोल्हापुरात तांबड्या रश्श्याच्या पंगतीत तो काढणाऱ्यास दुसऱ्यांदा वाढले जाईल, अशी हमी या शास्त्रात नाही.

कुळानंतर भेदाची निवड येते, आणि येथे नवखे साधक हटकून फसतात. ‘इम्प्लाय’ म्हणजे सुचवणे, हे बोलणाऱ्याचे काम, आणि ‘इन्फर’ म्हणजे अनुमान काढणे, हे ऐकणाऱ्याचे. हा भेद खरा व उपयुक्त आहे, आणि म्हणूनच त्यावर रेंगाळण्यात प्रतिष्ठा नाही. प्रतिष्ठा मिळते ती वादग्रस्त भेदांमुळे. उदाहरणार्थ, ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती आणि ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला रस नाही असा. न्यायाधीश पहिल्या जातीचा असावा, दुसऱ्या जातीचा असल्यास त्यास डुलकी लागते. सतराव्या शतकात हे दोन शब्द अगदी उलट अर्थांनीही वापरले जात होते, म्हणजे आज ज्याची चूक काढायची तो वस्तुतः पूर्वजांचीच इंग्रजी बोलत असतो. ही माहिती साधकास असावी, पण ती त्याच्याकडून बाहेर पडू नये.

‘लेस’ आणि ‘फ्युअर’ हे या शास्त्राचे खरे वैभव होय. जे मोजता येते त्यास ‘फ्युअर’ आणि जे मोजता येत नाही त्यास ‘लेस’, हा दंडक आज धर्मशास्त्राच्या कडकपणाने पाळला जात असला, तरी त्याचा उगम सापडतो तो १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने व्यक्त केलेल्या वैयक्तिक आवडीत. त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, राजा आल्फ्रेडच्या नावावरील लिखाणात मोजता येणाऱ्या गोष्टींसही ‘लेस’च लावलेला आढळतो. तथापि राजा मरण पावला आहे आणि नियम जिवंत आहे. ब्रिटनमधील टेस्को या दुकानसाखळीने अखेर २००८ मध्ये ‘दहा किंवा कमी वस्तू’ या अर्थाच्या आपल्या पाट्यांवरून ‘लेस’ हा शब्दच काढून ‘दहापर्यंत’ असा मजकूर घालण्याचे ठरवले, आणि रांगेत उभ्या असलेल्या असंख्य साधकांची करमणूक एका फटक्यात बंद केली.

‘शॅल’ आणि ‘विल’ यांचा भेद जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ च्या आपल्या लॅटिन भाषेतील इंग्रजी व्याकरणात मांडला, आणि रेन व मार्टिन यांच्या व्याकरणावर वाढलेल्या मराठी पिढ्यांनी तो घोकला. प्रथमपुरुषी ‘शॅल’ने केवळ भविष्य कळते व ‘विल’ने निश्चय, इतर पुरुषांत याच्या नेमके उलट. याचे जुने शालेय उदाहरण असे की, पाण्यात पडलेल्या एका परक्या माणसाने घाबरून ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी’ असा टाहो फोडला, आणि काठावरच्या सुशिक्षित इंग्रजांनी, हा बुडण्याचा निर्धार करून वाचवण्यास मनाई करीत आहे असे व्याकरणदृष्ट्या ताडून, टोप्या काढून त्याच्या इच्छेचा मान राखला. मराठीत ‘बुडेन’ एवढ्यावर भागत असल्याने असा अपघात संभवत नाही.

भेद नसेल तेथे मात्र तो कल्पू नये. ‘इनफ्लेमेबल’मधील ‘इन’ नकारार्थी नसून तो लॅटिनमधला ‘आत’ अशा अर्थाचा उपसर्ग आहे. म्हणून ‘फ्लेमेबल’ आणि ‘इनफ्लेमेबल’ ही दोन्ही पिंपे सारखीच पेटतात, आणि याच घोटाळ्याच्या भीतीने अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या जाणकारांनी १९२० च्या दशकापासून आखूड शब्दाचा आग्रह धरला. या एका बाबतीत साधकाने पांडित्य सोडून दूर उभे राहावे.

शेवटी, एकाच शब्दाचे दोन देशांत दोन अर्थ होतात तो प्रकार. बैठकीत प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटनमध्ये तो लगेच चर्चेस घेणे आणि अमेरिकेत तो बाजूस ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांत या शब्दावरून लांबलचक, कडवट वाद झाला आणि उभय पक्षांस एकच गोष्ट हवी होती हे पुष्कळ उशिरा उघड झाले, असे चर्चिलने आपल्या युद्धेतिहासात नमूद केले आहे. अशा बैठकीस हजर असलेल्या साधकाने हा उलगडा चहा येण्यापूर्वी होऊ नये, याची दक्षता घ्यावी.