आजच्या आज, एक्सेलमध्ये

सोलापुरातल्या महाविद्यालयात नवं शैक्षणिक धोरण संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी येतं. हेडक्लार्क डब्याची पिशवी गाडीच्या हँडलला अडकवत असतात, तेवढ्यात ई-मेल येऊन पडतो : ‘सोबतच्या एक्सेल शीटमध्ये माहिती भरून आजच्या आज सादर करावी. विलंब झाल्यास आपली व्यक्तिशः जबाबदारी राहील.’ सोबतची शीट सोबत नसते. ती दुसऱ्या दिवशी येते, आणि तिच्याआधी पहिलं स्मरणपत्र येतं.

यात कुणाचाच दोष नाही. दिल्लीहून विद्यापीठ अनुदान आयोगाचं पत्र निघतं तेव्हा त्याला चांगली ऐसपैस मुदत असते. मग ते मुंबईला मंत्रालयात बसतं, पुण्याला उच्च शिक्षण संचालनालयात टेकतं, सोलापूरच्या सहसंचालक कार्यालयात चहा घेतं, केगावला विद्यापीठात मुक्काम करतं. उजनी धरणातून निघालेलं पाणी सोलापूरच्या नळाला जसं पोचतं, तशी ती मुदत महाविद्यालयाला पोचते.

ज्या महाविद्यालयाची ही हकिकत आहे त्याचं नाव विचारू नका. नाव छापलं तर उद्या त्यालाच खुलासा सादर करावा लागेल. शिवाय कुठल्याही महाविद्यालयाच्या गेटातून आत गेलात तरी हेच भेटेल.

बदलांची त्याला सवय आहे. २००४ पर्यंत ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं होतं. त्या वर्षी एका जिल्ह्यापुरतं सोलापूर विद्यापीठ झालं, पाटी बदलली. २०१९ मध्ये विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव लागलं, पाटी पुन्हा बदलली, शिक्के आणि लेटरहेडही बदलले. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केलं. महाराष्ट्रानं ते स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू केलं. या खेपेला पाटी बदलायची नव्हती, शिक्षण बदलायचं होतं. महाविद्यालय जरा गांगरलं. पण प्राचार्य मुरलेले. त्यांनी समिती नेमली, समितीनं फ्लेक्स लावला, आणि फ्लेक्ससमोर उभ्या समितीचा जिओटॅग फोटो जोडून अहवाल रवाना झाला. अंमलबजावणी झाली.

फ्लेक्सच्या बाबतीत दिल्ली आमच्या बरीच मागे होती. १ डिसेंबर २०२३ ला आयोगानं देशभर पत्र पाठवलं की आवारात सेल्फी पॉइंट उभारा, म्हणजे देशानं निरनिराळ्या क्षेत्रांत केलेली प्रगती तरुणांना कळेल. इतर ठिकाणी यावर वाद झाले, अग्रलेख आले. सोलापुरात फ्लेक्सवाल्यानं एवढंच विचारलं, ‘साइज सांगा की ओ सर, अन् दादांचा फोटो कुठल्या बाजूला टाकू?’ वाढदिवसाचा साचा तयारच होता, तासाभरात पॉइंट उभा. पोरांनी सेल्फी काढले ते कँटीनपुढं. पावसाळ्यात ग्रंथालयाचं छत गळायला लागलं तेव्हा शिपाईमामांनी तोच फ्लेक्स उतरवून पुस्तकांच्या कपाटांवर पसरला. ग्रंथालयाला गेल्या कित्येक वर्षांत मिळालेला हा पहिला ठोस लाभ.

फ्लेक्सनंतर येतो नोडल अधिकारी. प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘एका नोडल अधिकाऱ्याची नियुक्ती करून नाव कळवावे’ असं असतंच. मराठी विभागात कायम प्राध्यापक एकच उरलेत, बाकीचे निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा भरतीची वाट बघतायत. त्यामुळं तेच सर रॅगिंगविरोधाचे नोडल, योग दिनाचे नोडल, मतदार जागृतीचे नोडल, स्वच्छता पंधरवड्याचे नोडल. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळा-महाविद्यालयांच्या आवारात भटकी कुत्री येऊ नयेत म्हणून कुंपण घाला आणि नोडल अधिकारी नेमा असा आदेश दिला. प्राचार्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली. आता संतकाव्याचा तास सोडून ते मागच्या भिंतीचं भगदाड मोजायला जातात. आवारातला तांबडा कुत्रा मात्र जायला तयार नाही. पंचाहत्तर टक्क्यांच्या वर हजेरी असलेला या महाविद्यालयात तो एकटाच आहे, त्याला काढायचं कसं?

धोरणात काही नाही असं नव्हे. वाचलं तर पुष्कळ चांगलं सापडतं. पोराला आवडीचा विषय घेता यावा, मधेच शिक्षण सुटलं तर केलेलं वाया जाऊ नये, हाताच्या कामाला मान मिळावा, यातलं काय वाईट आहे? पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. सोलापूरनं ही सोय दिल्लीला सुचण्याच्या आधीपासून वापरली आहे. पोरगी पहिल्या वर्षानंतर लग्न करून बाहेर पडते, पोरगा दुसऱ्या वर्षानंतर पुण्याच्या गाडीत बसून बाहेर पडतो. पूर्वी अहवालात ही संख्या दाखवायला लाज वाटायची. आता ती ‘मल्टिपल एक्झिट’च्या रकान्यात अभिमानानं भरता येते. परत आत येण्याचाही एक रकाना आहे. तो भरताना हेडक्लार्क शून्य टाकतात आणि पुढं सरकतात.

या सगळ्या येण्याजाण्याचा हिशेब ठेवायला क्रेडिटची बँक आहे. २०२१ मध्ये ती सुरू झाली. प्रत्येक विद्यार्थ्याचा बारा आकडी क्रमांक, डिजिलॉकरला जोडलेला, डिजिलॉकर आधारला जोडलेलं. परवा ऑफिसच्या खिडकीशी शहराच्या पूर्व भागातली एक पोरगी उभी होती. घरी तेलुगू, शाळा मराठी. आधारवर आडनाव एका स्पेलिंगचं, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिसऱ्या. बँकेला तिन्ही एक लागतात. आधारला जोडलेला मोबाइल नंबर भावाचा, भाऊ भिवंडीत यंत्रमागावर. खिडकीतून क्लार्क म्हणतात, ‘ओटीपी सांग.’ पोरगी भावाला फोन लावते. मागांच्या खडखडाटात भावाला काही ऐकू येत नाही. तो दाराबाहेर येऊन आकडे वाचून दाखवतो, तोवर दहा मिनिटं संपतात. क्लार्क म्हणतात, ‘परत पाठव.’ तिच्यामागं रांग कँटीनपर्यंत गेलेली. भूगोलाचा तास तेवढ्यात होऊन गेला. त्या तासाचं क्रेडिट साठवण्यासाठीच ही खटपट चालली होती.

तीच पोरं पुढं ओजेटीला पोचतात. ओजेटी म्हणजे कामाच्या जागी जाऊन घेतलेलं प्रशिक्षण, चार क्रेडिट, एका क्रेडिटला तीस तास. एकशेवीस तास म्हणजे बारा तासांच्या पाळीनं दहा रात्री. आमच्या वर्गात निम्मी पोरं चादरीच्या आणि टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी पेंगत येतात. त्यांनी ही चार क्रेडिटं पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यातच मिळवलेली असतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि जकार्डवर मोराचं डिझाइन विणताना तुटलेला धागा कुठं धरायचा हे या पोरांना तोंडपाठ आहे. पण प्रमाणपत्राला हवा लेटरहेड, हवा गोल शिक्का, हवा मालकाचा ई-मेल. मालक म्हणतो, ‘शिक्का मारला की उद्या पीएफवाला येतो.’ मग पोरगं मामाच्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रमाणपत्र आणतं. मामाकडं लेटरहेड आहे, शिक्का आहे, आणि ई-मेल तर आहेच, कारण सगळ्या महाविद्यालयाच्या एक्सेल शीट तोच भरून देतो. अशा रीतीनं रात्रभर माग चालवणाऱ्या पोराला झेरॉक्स मशीनच्या प्रशिक्षणाची चार क्रेडिटं मिळतात.

भारतीय ज्ञानप्रणालीच्या दोन क्रेडिटांचंही तेच. विषय छान, पण शिकवणार कोण? वेळापत्रक समितीनं पाहिलं की क्रीडा शिक्षकांचा मंगळवारी तिसरा तास मोकळा आहे. ज्ञानप्रणाली तिथं गेली. सर यूट्यूब लावतात. पडद्यावर कुणीतरी प्राचीन भारतातल्या विणकामाची थोरवी इंग्रजीतून सांगत असतं, आणि पहिल्या बाकावर चार पिढ्यांच्या विणकराचं पोरगं झोपलेलं असतं.

आणि मग नॅक. १९९४ मध्ये बेंगळुरूला महाविद्यालयांना श्रेणी देणारी ही परिषद स्थापन झाली तेव्हापासून महाविद्यालयाच्या आयुष्यात दोनच ऋतू राहिले : नॅकच्या आधीचा आणि नॅकच्या नंतरचा. आधीच्या ऋतूत नर्सरीतून कुंड्या भाड्यानं येतात, प्रयोगशाळेत पाणी येतं, पाच वर्षांची इतिवृत्तं पाच रात्रींत लिहिली जातात. एकाच शाईत लिहिली तर पकडलं जाऊ म्हणून पेन बदलण्याची सूचना निघते. नॅकच्या समितीला निरोप देताना एक चादर आणि शेंगाचटणीचं पाकीट. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं आंध्रातल्या एका संस्थेच्या प्रकरणात नॅकच्या तपासणी समितीतल्या सदस्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक केली, रोकड आणि लॅपटॉप जप्त केल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा प्राचार्य पेपर खाली ठेवून म्हणाले, ‘आपण चटणीवर भागवत होतो बघा.’ श्रेणी का वाढत नाही, हे कोडं त्यांना त्या दिवशी सुटलं.

त्या श्रेणीसाठी गेटावर लोखंडी अक्षरं करून घेतली होती. ए डबल प्लसपासून डीपर्यंत आठ पायऱ्या, म्हणून अधिकची चिन्हं काढता-घालता येतील अशी नटबोल्टवर. तेवढ्यात, २०२४ च्या सुरुवातीला, श्रेणीच बंद होणार असं जाहीर झालं : यापुढं फक्त ‘मानांकित’ किंवा ‘मानांकित नाही’. नंतर पुन्हा एक ते पाच पातळ्यांचं ऐकू आलं. वेल्डर अजून अधिकच्या चिन्हांचं बिल मागायला येतो.

आता तर आयोगच जाणार म्हणतात. डिसेंबर २०२५ मध्ये विकसित भारत शिक्षा अधिष्ठान नावाचं विधेयक लोकसभेत आलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. अनुदान आयोग, तंत्रशिक्षण परिषद आणि शिक्षक शिक्षण परिषद यांच्या जागी एकच संस्था. हेडक्लार्कनी ऐकल्या ऐकल्या विचारलं, ‘म्हणजे आयोगाला पाठवलेली माहिती आता नव्या शीटमध्ये परत भरायची का?’ संसदेत या विधेयकावर कितीही चर्चा झाली तरी इतका नेमका प्रश्न तिथं कुणी विचारेल असं वाटत नाही.

एक कलम मात्र कुठल्याच धोरणानं बदललेलं नाही. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करावा, असं १९६८ च्या धोरणात होतं, १९८६ च्या धोरणात होतं, २०२० च्या धोरणातही ‘लवकरात लवकर’ या शब्दांसह आहे. त्याची एक्सेल शीट कधीच आली नाही. त्याला नोडल अधिकारी नाही, आणि ‘आजच्या आज’ ही नाही. त्या सहा टक्क्यांअभावीच आमच्या वर्गावर तासिका तत्त्वावरचे, म्हणजे ‘सीएचबी’, शिक्षक आहेत. त्यांना शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात. गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी लागली की सगळं शहर होम मैदानावर पाळण्यात बसतं आणि हे घरी बसून बुडालेले तास मोजतात. नेट-सेट, पीएच.डी. झालेली ही माणसं नॅकच्या फायली लिहितात, क्रेडिटच्या बँकेत नावं चढवतात, फ्लेक्स धरून उभी राहतात. या कामाचे तास कुठल्याच बिलात बसत नाहीत.

तेव्हा पालकांनो, येत्या जूनमध्ये पोरीचा प्रवेश घ्यायला जाल तेव्हा गेटावरची अक्षरं वाचत बसू नका. सरळ ऑफिसात जा, वेळापत्रक मागा, आणि किती विषयांपुढं कायम शिक्षकाचं नाव आहे, किती नावांपुढं ‘सीएचबी’ आहे आणि किती रकाने कोरे आहेत ते मोजा. क्लार्क म्हणतील, ‘असली माहिती आमच्याकडं कुणी मागत नाही.’ खरंच आहे ते. म्हणूनच मागा, आणि आजच्या आज मागा.