सज्जा घासण्याची हौस

ईश्वरपुरात, म्हणजे पूर्वीच्या इस्लामपुरात, उरुण भागात, आमच्या जुन्या घराला रस्त्याच्या अंगाला सागवानी सज्जा आहे. आजोबांपासूनचं ऊन-पाऊस खाऊन त्याच्या फळ्या राखाडी पडल्या होत्या. मिस्त्रींनी मजुरी सांगितली तेव्हा मी हसलो. “एवढ्यात तर मशीन येईल,” म्हणालो. आलंही.

पॉलिश पेपरच्या पाठीवर नंबर असतो. मी जन्मभर मास्तरकी केलेली. जास्त मार्क तो हुशार, या हिशेबानं थेट 320 आणला. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक, आणि 80, 120, 220 असं चढत जायचं असतं, हे दुकानदार बोलला नाही. मीही कशाला विचारतोय! सकाळभर फळी गोंजारत बसलो. हिनं वर येऊन पाहिलं आणि विचारलं, “अहो, सुरुवात कधी करताय?”

मग चिडून 40 चा लावला आणि मशीन आडवं फिरवलं. लाकूड रेषेच्या दिशेनंच घासायचं. आडवं घासलं की ओरखडे उठतात, आणि मशीन एका जागी रेंगाळलं की खळगा पडतो. आमच्या सज्ज्यावर दोन्ही झालं. रस्त्यानं निघालेले मिस्त्री थांबले, मान वर करून म्हणाले, “सर, वाफं पाडलं व्हय? मेथी टाका आता.”

पॉलिश मात्र मला येतं अशी माझी समजूत होती. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्यानं हात मारत जायचं. पण दिवस श्रावणाचे. स्पिरिट उडताना फळी गार पडते, दमट हवेतलं पाणी तिच्यावर धरतं आणि लाखेत अडकतं. संध्याकाळपर्यंत सज्जाभर पांढरट ढग उठले. मुळात लाखेला पाणी सोसत नाही. ती घरातल्या कपाटाला शोभते, उघड्या सज्ज्याला नाही.

पाऊस सरल्यावर लाख खरवडली आणि जवसाचं तेल आणलं. निवड बरोबर होती. फक्त जादाचं तेल पुसून घ्यायचं असतं, तेवढं मी केलं नाही, म्हणून ते वाळेना. त्यात गळीत हंगाम सुरू झालेला. शिवारात कुणी तरी पाचट पेटवलं आणि काजळी तरंगत आली. हंगामात इथं दोरीवरची धोतरं काळी होतात, तिथं चिकट सज्ज्याची काय कथा! तेलाच्या चिंध्या मात्र मी बोळा करून कोपऱ्यात फेकल्या नाहीत, सुट्या पसरून वाळवल्या. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. एवढं वाचलेलं वेळेवर आठवलं, म्हणून सज्ज्याखाली घर शिल्लक आहे.

अखेर मिस्त्रींनाच बोलावलं. मजुरी वाढली होती. “तवा नुसतं सागवान घासायचं हुतं,” ते म्हणाले, “आता तुमी क्येलेलं बी घासायचं हाय.”

मशीन जवळजवळ नवं आहे. कुणाला हवं असल्यास येऊन न्यावं. 320 चे पेपर वर फुकट.