दोन मिनिटे सहा सेकंद

संगणकातील ज्या चिपवर सारी आकडेमोड होते त्या प्रोसेसरला कारखान्याने नेमून दिलेल्या वेगाच्या पुढे दामटण्यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावी ही साधना बहुधा तिथे चालते, जिथे लग्नाचे व्हिडिओ तयार होतात. साधक सर्वांच्या परिचयाचा असल्याने त्याचे वर्णन अनावश्यक आहे; त्याच्या साधनेचे फळ मात्र तपासून पाहण्यासारखे आहे.

एखादा प्रोसेसर 5.5 गिगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला साडेपाच अब्ज ठोक्यांच्या गतीने चालतो असे मानले आणि रात्रीच्या जागरणानंतर साधकाने तो 5.7 वर नेला असे धरले, तर वाढ साडेतीन टक्क्यांच्या किंचित पुढे जाते. रेंडरिंगचे, म्हणजे कापून जोडलेल्या चित्रणाची अखंड फीत बनवण्याचे, एक तासाचे काम या वाढीमुळे, सारा भार प्रोसेसरवरच आहे असे गृहीत धरूनही, सत्तावन्न मिनिटे चोपन्न सेकंदांत उरकते. बचत दोन मिनिटे सहा सेकंद.

या बचतीचे करायचे काय, याचा विचार ओव्हरक्लॉकिंगविषयक मार्गदर्शनात आढळत नाही, म्हणून तो येथे करणे भाग आहे. करमाळ्यात देवीच्या माळावर कमलाभवानीचे मंदिर असून तेथील विहीर शहाण्णव पायऱ्यांची आहे. पायरीला सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ दिल्यास वाचलेल्या वेळात साधक तळाशी पोहोचू शकतो. मात्र वर येण्यासाठी त्याला आणखी एक तासाचे रेंडरिंग लावून यावे लागेल, आणि वर येणे उतरण्याइतके झपाट्याने होत नसल्यामुळे बहुधा दोन तासांचे. शिवाय ही बचत ज्याच्यासाठी करायची तो वरपिता व्हिडिओची वाट पाहून थकलेला असतो. वैशाखातल्या लग्नाचा व्हिडिओ दिवाळीला मिळाला तर तो लवकर मिळाला असे समजतात. अनेकदा जोडप्याला स्वतःची सप्तपदी पाहायला मिळते ती बाळाच्या बारशाच्या सुमारास. या विलंबातून दोन मिनिटे सहा सेकंद वजा झाल्याचे समाधान वरपित्याला कोणत्या शब्दांत कळवावे, हा प्रश्नच आहे. त्यातच वाढवलेला वेग टिकतो की नाही हे पाहण्यासाठी संगणकाला पूर्ण भाराखाली रात्रभर चालवावे लागते, ज्यास स्थैर्यचाचणी म्हणतात. अशी बारा तासांची एकच चाचणी वसूल होण्यास सुमारे 343 तासांचे रेंडरिंग करावे लागेल, आणि एकोणसाठाव्या मिनिटाला पडदा निळा होऊन सर्व काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागले, तर हिशेबाची वही मिटून ठेवलेलीच बरी.

आता उष्णतेकडे वळले पाहिजे. प्रोसेसरच्या ठोक्यांवर खर्च होणारी वीज वेगाच्या सरळ प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वरचा वेग टिकवायचा तर व्होल्टेज वाढवावेच लागते. ते 1.25 वरून 1.35 केले की दोन्ही वाढींचा गुणाकार एकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. 200 वॅट पिणारी चिप 242 वॅट पिऊ लागते. चिपवर बसवलेला पंखा किंवा पाण्याची नळी ही उष्णता खोलीच्या हवेत टाकते, म्हणून चिप खोलीपेक्षा थंड होणे या उपायांनी शक्य नसते. उत्तम कुलरही 200 वॅटवर चिपला खोलीपेक्षा 55 अंश वर ठेवतो असे मानू. बावीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत, जिथे ही सारी मार्गदर्शने लिहिली जातात, चिप 77 अंशांवर राहते आणि ओव्हरक्लॉकनंतर 89 पर्यंत चढते. लग्नसराईतल्या करमाळ्यात, पत्र्याखालच्या 42 अंशांच्या खोलीत, तीच चिप काहीही न करता 97 वर असते. ओव्हरक्लॉक केल्यावर हिशेबाने ती 108 च्या पुढे जायला हवी, पण तशी जात नाही, कारण शंभराच्या आसपास आधुनिक प्रोसेसर स्वतःच आपला वेग उतरवतो. या आत्मरक्षणाला थ्रॉटलिंग म्हणतात. वाढीव व्होल्टेज कायम राहिल्याने वेग कधी कधी मूळ वेगाच्याही खाली येतो, तेव्हा साधक संगणकापुढे वाळ्याचा कुलर आणून ठेवतो आणि त्या पाण्याचे शिंतोडे मदरबोर्डवर पडू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा धरायला धाकट्या भावास बसवतो. रेंडरिंगपुरता हा मुलगा संगणकाचाच एक सुटा भाग मानावा लागतो.

येथपर्यंत हसण्यासारखे आहे, पुढचे नाही. ओव्हरक्लॉक करता येणारे प्रोसेसर अनेकदा त्याच जातीच्या कुलूपबंद प्रोसेसरहून महाग विकले जातात. ग्राहक जास्तीचे पैसे मोजतो ते कुलूप काढल्याबद्दल, आणि ती मोकळीक वापरून चिप बिघडली तर भरपाई नाही, असे वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात छापलेले असते. जे करण्यासाठी पैसे घेतले तेच केले म्हणून हात वर करणे, याला व्यापार म्हणत असतील तर लबाडीला दुसरे नाव शोधावे लागेल. आणि हा माल कोणाच्या गळ्यात मारला जातो? ज्याने उसाचे बिल येताच, थोरल्या बहिणीचा हात थोडा मोकळा झाल्याबरोबर, तिच्याकडून उसने घेऊन पहिला संगणक जुळवला, त्या पोराच्या! मोठ्या व्होल्टेजखाली चिपमधल्या अतिसूक्ष्म तारांतील धातूचे अणू विजेच्या प्रवाहाबरोबर हळूहळू सरकत जातात, हे इलेक्ट्रोमायग्रेशन त्याला दुकानात कोणी सांगत नाही. रंगीत दिवे मात्र सगळे लावून दाखवतात.

न्यायासाठी नोंदवले पाहिजे की या विद्येला एके काळी अर्थ होता. 1998 च्या सुमारास 300 मेगाहर्ट्झची एक स्वस्त चिप सहज 450 वर चाले, म्हणजे दीडपट. आज ती ढील उरलेली नाही, कारण उष्णता आणि वीज यांचा अंदाज घेत प्रोसेसर स्वतःच आपला वेग क्षणोक्षणी वर नेतो, ज्याला बूस्ट म्हणतात, आणि कारखान्यातच तो जवळजवळ पिळून बाहेर पडतो. साधकाने उलट व्होल्टेज किंचित उतरवले तर उन्हाळ्यात त्याचे काम बहुधा लवकर होईल; परंतु व्होल्टेज कमी केल्याचे छायाचित्र मित्रांना पाठवण्याची पद्धत नाही.

उरता उरला विक्रमाचा मार्ग. अलीकडे नऊ गिगाहर्ट्झच्या पुढे गेलेल्या प्रोसेसरला उणे 269 अंशांच्या द्रव हेलियमने गार करावे लागले. त्याहून स्वस्तात भागवणारे उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन वापरतात. हेलियम करमाळ्यात मिळणे कठीण. नायट्रोजन मात्र तालुक्यात आहे, जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या कांड्या ठेवण्याच्या कॅनमध्ये, आणि साधकाची नजर अद्याप तिकडे वळली नसल्यास हे वाचून ती वळू नये. तो चिपवर ओतला तर काही मिनिटांत उडून जातो आणि मागे एक आकडा ठेवतो. कॅनमध्ये राहिला तर नऊ महिन्यांनी कालवड होते, आणि ती पुढे दूधही देते.