जिगचा माग कसा काढावा

आधी एक वही घ्या, जाड. एका आयरिश जिगला, म्हणजे नाचाच्या चालीला, किती पानं लागणार, असं वाटत असेल तर हे मार्गदर्शन तुमच्यासाठीच आहे.

मग जिग निवडा. नवशिक्यानं ‘मॉरिसन्स जिग’ घ्यावी. पबमधल्या कुठल्याही सेशनमध्ये, म्हणजे वादकांच्या बैठकीत, ती वाजते, सगळ्यांना येते, आणि म्हणूनच ती कुठून आली हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. ओळखायला सोपी आहे. मात्रा सहा, तीन-तीनचे दोन गट. म्हणजे आपला दादराच, फक्त शेवटची बस पकडायला निघालेला. आयर्लंडात हा ठेका ‘रॅशर्स अँड सॉसेजेस, रॅशर्स अँड सॉसेजेस’ असं पुटपुटत शिकवतात. शाकाहारी वाचकांनी ‘थालीपीठ लोणी’ म्हणून बघावं, पण ते बसत नाही, मी प्रयत्न केला आहे. स्वर आपल्या काफी थाटाचे: लांब षड्ज, तेवढाच लांब पंचम, आणि मग सुटलेली घसरण थेट मंद्र कोमल निषादापर्यंत. एक भाग दोनदा, दुसरा दोनदा, मग पुन्हा पहिल्यापासून. थांबायचं केव्हा, हे शेजारच्याच्या भुवईवरून कळतं.

आता वहीत नाव लिहा. पेन्सिलीनं.

मॉरिसन म्हणजे जेम्स मॉरिसन, स्लायगो परगण्यातून न्यूयॉर्कला गेलेला फिडलवाला. जिग त्याची आहे का? नाही. त्यानं ती टॉम कार्मडी या केरीच्या अ‍ॅकॉर्डियनवाल्याकडून उचलली. मग टॉमची? त्याचीही नाही. दोघांनी मिळून 1936 मध्ये तबकडी केली, तिच्यावर नाव छापलं ‘मॉरिस कार्मडीज फेव्हरिट’. हा मॉरिस टॉमचा बाप. आणि खुद्द टॉम तिला ‘द स्टिक अक्रॉस द हॉब’ म्हणायचा. एका घरातच नावं दोन, आणि जगात चाललं ते तिसरंच, शेजाऱ्याचं. इथे नवशिक्याच्या पोटात पहिल्यांदा गोळा येतो. येऊ द्या. आयरिश चालीला जे माणसाचं नाव असतं ते रचनाकाराचं असेलच असं नाही. बहुतेकदा ते ‘कुणाकडून ऐकली’ याचं उत्तर असतं. ‘गॅरेट बॅरीज जिग’ही तशीच: बॅरी हा क्लेअर परगण्यातला आंधळा पायपर, त्याच्या वादनावरून लोकांनी ती ओळखली, एवढंच.

कधी नाव स्वतःच बहिरं असतं. ‘टॅटर जॅक वॉल्श’ वाचून तुम्हाला फाटक्या कपड्यांतला कुणी जॅक दिसेल. पण आयरिश भाषेत ‘अन् ताहिर’ म्हणजे ‘फादर’, पाद्री. ते इंग्रजी कानात शिरताना ‘टॅटर’ झालं आणि बिचारे फादर वॉल्श चिंध्या पांघरून बसले, असा या नावाचा उलगडा सांगतात. मला तो पटतो, कारण असला घोळ आपल्याकडच्या गावांच्या पाट्यांवर रोज वाचायला मिळतो.

पुढे पुस्तकं. यात पहिलं नाव फ्रान्सिस ओनीलचं. हे गृहस्थ कॉर्कमध्ये जन्मले आणि 1901 ते 1905 शिकागोचे पोलीसप्रमुख होते, म्हणजे माग काढणं हा त्यांचा पेशाच. त्यांच्या 1903 च्या संग्रहात 1850 चाली आहेत, 1907 च्या संग्रहात 1001. वादकांमध्ये हाच दुसरा ‘द बुक’. गंमत अशी की ओनीलसाहेबांना स्वरलेखन येत नव्हतं. चाल डोक्यात साठवायची आणि खात्यातल्याच दुसऱ्या ओनीलसमोर, जेम्ससमोर, बासरीवर वाजवून दाखवायची. तो लिहून घ्यायचा. म्हणजे तुम्ही बोट ठेवाल तो स्वर वादकाचा, साहेबांच्या स्मरणाचा, की जेम्सच्या लेखणीचा? वहीत तिन्ही शक्यता लिहा. पान संपेल.

बॉस्टनचा ‘रायन्स मॅमथ कलेक्शन’ (1883) सापडला आणि शेजारी ‘कोल्स वन थाउजंड फिडल ट्यून्स’ (1940) सापडला, तर दोन पुरावे मिळाले म्हणून नाचू नका. पुस्तक तेच आहे, टोपी बदललीय. मी या दोन ‘स्वतंत्र’ साक्षीदारांच्या जोरावर तीन रविवार एक सिद्धांत उभा केला होता. त्याविषयी घरात अजून बोलत नाहीत.

तबकड्या ऐकायच्या तर हार्मोनियम जवळ ठेवा. जुन्या तबकडीचा वेग नेमका मिनिटाला 78 फेरे असेलच असं नाही, त्यामुळे चाल पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्या मधल्या फटीत वाजते, जिथे हार्मोनियमला पट्टीच नाही. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तेवढ्यात दोन-तीन चाली कोंबायच्या आणि लेबलावर कधीकधी एकीचंच नाव. दुसरी सुरू झाली की वही उघडा.

हे सगळं सहन न झालेला माणूस म्हणजे ब्रेंडन ब्रनाख. डब्लिनचा सरकारी नोकर आणि पायपर. त्यानं हजारो चालींची कार्डं केली आणि नावाचा नाद सोडून सुरुवातीच्या स्वरांना आकडे देऊन चाली लावल्या, म्हणजे एकच चाल पाच वेषांत आली तरी एकाच खणात सापडावी. त्याच्या ‘क्योल रिन्क’ या संग्रहाचा पहिला भाग 1963 चा. नवशिक्यानं खरं तर इथूनच सुरुवात करावी, पण मग आधीची पानं भरली नसती.

वही भरली की सेशनला जा आणि जिग वाजवा. कुणीतरी नाव विचारेलच. तिन्ही नावं, साल आणि दोन्ही कार्मडी सांगायला जाऊ नका. तोवर पुढची चाल सुरू झालेली असते. ‘गन अ‍ॅनिम’ म्हणा. आयरिशमध्ये याचा अर्थ ‘बिननावाची’. छापील संग्रहांतही असंच लिहितात. विचारणारा मान डोलवेल, खिशातून कागद काढेल, आणि घरी जाऊन त्यावर लिहील: ‘त्या पुण्याच्या माणसाची जिग’.